बेदाण्याच्या शेडमधला अल्बम

चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या माणसाकडं किस्से साठत नाहीत, असा माझा बरीच वर्षं समज होता. गिऱ्हाईक येतं, नंबर सांगतं, फ्रेम निवडतं आणि जातं. त्यात सांगण्यासारखं काय घडणार? पण गेल्या दोन वर्षांत आमच्या बँडनं एक अल्बम केला. गाणी आठच झाली, पण तेवढ्यात सांगण्यासारखं इतकं घडलं की आता मित्र चहाला बसले की कुणीतरी म्हणतंच, ‘मंदार, ते गुडघ्याचं सांग की.’ ते सांगितलं की दुसरं आठवतं, मग तिसरं. म्हटलं एकदा ओळीनं सांगून मोकळं व्हावं.

बँडचं नाव ‘फुफाटा’. आम्ही चौघं. बिरू गातो, म्हणजे ओरडतो. तो तासगावजवळच्या एका शाळेत पी.टी.चा शिक्षक आहे. अविनाश, म्हणजे अव्या, गिटारवर. राहतो साताऱ्यात आणि नोकरी लोणंदच्या एका कारखान्यात. ड्रम्सवर पूनम. तिचं सांगलीत फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. आणि मी बेस गिटार वाजवतो, माझं दुकान विश्रामबागला.

आम्ही वाजवतो त्या प्रकाराला मेटलकोअर म्हणतात. हे समजावून सांगणं हे एक वेगळंच काम आहे. पूनमचे वडील अण्णा हे तासगावचे द्राक्षबागायतदार. त्यांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये आम्ही पहिल्यापासून सराव करतो. एकदा माल बघायला आलेल्या व्यापाऱ्यानं शेडमधला आवाज ऐकला आणि तो घाबरून म्हणाला, “भांडणं लागल्यात काय वो?”

अण्णा शांतपणे म्हणाले, “न्हाई. पोरं वरडत्यात. पर वळणानं वरडत्यात.”

इंटरनेटवर मी पुष्कळ वाचलंय. याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

* * *

आमचा पहिला अल्बम कच्चा होता, पण दणकट होता. दुसऱ्या वेळी आम्हाला सुधारायची हौस आली. पुण्याच्या स्टुडिओत गेलो. तिथल्या साउंडवाल्यानं सांगितलं की ओरडणं कमी करा, थोडं गोड गा, म्हणजे जास्त लोक ऐकतील. गाणी इंग्रजीत केली. कीबोर्ड घातला. कीबोर्डची कल्पना माझी होती, हे इथंच सांगून टाकतो, कारण पुढं बाकीचे सांगतातच.

तो अल्बम घेऊन आम्ही सांगलीच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला गेलो. याच कॉलेजात पहिल्या अल्बमच्या वेळी तिसऱ्या गाण्याला प्राचार्यांनी मेन स्विच बंद करायला लावला होता. पोरांनी मग अंधारातच आमच्या नावानं अर्धा तास बाकं बडवली होती. आमच्या आयुष्यातला तो सगळ्यात यशस्वी कार्यक्रम.

या वेळी प्राचार्य पहिल्या रांगेत बसले. पूर्ण कार्यक्रम बसले. दोन गाण्यांना त्यांनी मांडीवर ताल धरला. शेवटी स्वतः स्टेजवर आले, माईक घेतला आणि म्हणाले, “मागच्या वेळेपेक्षा या मुलांनी फारच सुधारणा केली आहे. मला अतिशय आनंद झाला.” आणि त्यांनी बिरूच्या हातात पुष्पगुच्छ दिला. मागं पोरं मोबाइल बघत बसली होती.

टेम्पोत सामान भरून आम्ही निघालो. बिरूच्या मांडीवर तो गुच्छ तसाच होता. शंभरफुटी रस्ता ओलांडल्यावर अव्या म्हणाला, “मेन स्विच बरा होता.”

* * *

त्यानंतरच्या रविवारी अण्णांच्या शेडजवळ बैठक झाली. बिरू बँड सोडायच्या तयारीनं आला होता. त्यानं तसं सांगितलं नाही, पण शेडमध्ये ठेवलेला त्याचा माईक त्यानं आल्या आल्या पिशवीत भरला, त्यावरून कळलं.

मी म्हटलं, “अल्बम पडला म्हणून एवढं?”

“पडला म्हणून न्हाई, मंद्या,” तो म्हणाला. “ती इंग्लिश गाणी म्हणताना मला दर वेळी वाटायचं, हे दुसऱ्याच कुणाचं तरी दुखतंय. मी नुसता निरोप सांगतोय.”

मी माझ्या बुटाकडं बघत राहिलो. कीबोर्ड माझा, इंग्रजी ओळीही निम्म्या माझ्याच.

शेवटी पूनम म्हणाली की एक अल्बम करू, इथंच शेडमध्ये, आपल्याच बोलीत. आपल्या मुळांकडं परत जाऊ. नाही जमला तर सगळेच पिशव्या भरू. मुळं म्हणजे नक्की काय, यावर मग तासभर वाद झाला. अव्याच्या मते मुळं म्हणजे गिटारच्या तारा सैल सोडून काढलेला तो जुना खालचा जाड सूर. बिरूच्या मते भाषा.

अण्णा बाजूला ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. ते म्हणाले, “मुळांचं मला इचारा की. बागंत आधी जंगली रोप लावत्यात. डॉगरिज. त्येला माजू द्यायचं. मग त्येच्यावर गोड द्राक्षाचं कलम बांधायचं.”

अव्यानं विचारलं, “आणि डायरेक्ट गोडच लावलं तर?”

“दिसतंय झ्याक. पाणी कमी पडलं की पयलं त्येच मरतंय.”

बिरूनं पिशवीतला माईक बाहेर काढला. अल्बमचं नाव तिथंच ठरलं, ‘जंगली’.

पुढं मुखपृष्ठ आलं तेव्हा अव्याच्या मित्रानं त्यावर जबडा उघडलेला वाघ काढला होता. आम्हाला आवडला. अण्णांनी चष्मा लावून दोन मिनिटं तो बघितला आणि म्हणाले, “ह्यो वाघ कशाला? जंगली म्हंजे डॉगरिज. पान काढा.”

आता मुखपृष्ठावर पान आहे.

* * *

बेदाण्याचं शेड उन्हाळ्यात भरलेलं असतं. लोखंडी खांबांवर एकावर एक तारेच्या जाळ्या ताणलेल्या असतात, त्यावर द्राक्षं वाळतात. पावसाळ्यात ते रिकामं असतं, म्हणून आम्ही जूनमध्ये रेकॉर्डिंग सुरू केलं. चारी बाजूंना हिरवी शेडनेट, आत द्राक्षं वाळवण्याआधी ज्यात बुडवतात त्या डिपिंग ऑइलचा वास आणि वर पत्रा. पाऊस आला की काम बंद.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं की माझी बेसची सगळ्यात खालची तार वाजली की अकरा थरांच्या जाळ्या एकदम थरथरतात. झिंऽऽ असा आवाज यायचा आणि तो तार थांबवली तरी थांबायचा नाही. आम्ही जाळ्यांना सुतळ्या बांधल्या, पोती टाकली. बिरूनं शाळेतल्या उंच उडीच्या गाद्या आणल्या. थरथर काही गेली नाही. चार रविवार त्यातच गेले. शेवटी कंटाळून आहे तसं रेकॉर्ड केलं आणि मिक्सिंगसाठी पुण्याच्या त्याच साउंडवाल्याकडं पाठवलं. म्हटलं आता हा हसणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा अव्याला फोन आला. आवाज एकदम आदराचा. “बेसच्या मागं ते काय आहे? कुठलं सॉफ्टवेअर, कुठलं प्लगइन वापरलंत? मी असलं टेक्श्चर आजवर ऐकलं नाही.”

अव्या म्हणाला, “बेदाणा.”

मग त्यानं विचारलं, “फ्री आहे का पेड?”

* * *

अव्याचे केस खांद्यापर्यंत. अंगात काळा टी-शर्ट, पाठीवर गिटार आणि हातात गिटारचा आवाज बदलणाऱ्या इफेक्ट पेडल्सची चौकोनी पेटी. असा तो दर शनिवारी शिफ्ट संपवून एसटी बदलत बदलत तासगावला उतरायचा. तासगावात अशी पेटी घेऊन बाहेरगावचा माणूस उतरला की तो औषध कंपनीचाच असणार, असं लोक धरून चालतात.

एका शनिवारी स्टँडवर एका बागायतदारानं त्याला गाठलं. आठवडाभर पावसाची झड लागली होती. त्या माणसानं पिशवीतून द्राक्षाची चार पानं काढली आणि म्हणाला, “सायेब, डावणी आल्या. वरनं पान कसं हिरवं दिसतंय बघा. पानामागं बघा. पांढरं झालंय. पानामागं बघा.”

डावणी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. ओल्या हवेत आठवड्यात बाग खाऊन टाकतो. अव्या साताऱ्याचा, त्याला द्राक्षातलं काही कळत नाही. पण त्या माणसाचे डोळे बघून त्याला ‘मी औषधवाला नाही’ असं म्हणवेना. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि त्याला रिक्षात घालून थेट अण्णांकडं आणलं. तिथंही त्याचं तेच चाललं होतं, ‘पानामागं बघा.’ अण्णांनी कधी, कशाची फवारणी करायची ते सांगितलं. तोवर बिरू शेडमध्ये बसून एका कागदावर लिहीत होता. ‘वरनं हिरवा दिसतोय गडी, पानामागं बघा. पानामागं बघा.’

‘डावणी’ हे आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं. कार्यक्रमात पोरं बाकी ओळी विसरतात, पण ‘पानामागं बघा’ला हजार घसे एकदम लागतात.

ते बागायतदार पुढं एकदा शेडवर आले. बाग निम्मी वाचली होती. आम्ही त्यांना मुद्दाम गाणं ऐकवलं. ते मान खाली घालून, एकाग्र होऊन शेवटपर्यंत ऐकत राहिले. बिरूनं भीत भीत विचारलं, “कसं वाटलं, काका?”

“चांगलं हाय,” ते म्हणाले. “पर औषध किती लिटरला किती, ते कायच सांगितलं न्हाई.”

* * *

आता ते गुडघ्याचं.

पाच गाणी झाली आणि बिरूचा घसा बसला. साधा बसला नाही, आवाजच गेला. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. म्हणाले, सूज आहे, महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि पुन्हा असं झालं तर आवाज परत येईलच याची खात्री नाही.

तो महिना वाईट गेला. बिरू शाळेत शिट्टीवर काम चालवायचा आणि आमच्याशी फोनवर मेसेज करून बोलायचा. एकदा त्यानं लिहिलं, ‘नाहीच आला तर दुसरा गडी बघा. अल्बम थांबवू नका.’ पूनमनं त्याला उत्तर दिलं नाही. माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, “दुसरा गडी बघायचा असेल तर ड्रम्सलाही बघा.”

महिना संपल्यावर तिनं बिरूला हातात घेतलं. पुण्यात गोड गायच्या नादात त्याची श्वासाची सवय बिघडली होती, तो पोटातून न ओरडता नुसत्या घशातून ओरडत होता. पूनम त्याला संध्याकाळी क्लिनिकवर बोलवायची. पडद्यामागच्या टेबलावर उताणा झोपवायची, पोटावर पाच किलोची वाळूची पिशवी ठेवायची आणि ती पिशवी पोटानं उचलत श्वास घ्यायला लावायची. पंधरा दिवस फक्त श्वास. सोळाव्या दिवशी ती म्हणाली, “आता आवाज लाव. हळू.”

बिरूच्या दृष्टीनं तो हळूच होता. पण एवढ्या दिवसांचा साठलेला तो आवाज पडदा हलवून बाहेर गेला.

बाहेर बाकावर एक मावशी नंबर लावून बसल्या होत्या. दोन्ही गुडघे दुखत होते. त्या दिवशीही लेकानं त्यांना धरून, पायरीपायरीवर थांबत जिना चढवून आणलं होतं. पडदा सारून पूनम बाहेर आली तर मावशी उठून उभ्या. पिशवी काखेत.

“या मावशी, तुमचाच नंबर.”

“नगं बाई,” मावशी म्हणाल्या, “माझं ऱ्हायलं आता.”

आणि कठड्याला हात न लावता त्या जिना उतरून गेल्या.

पूनम पडद्याआड परत आली. टेबलावर बिरू तसाच पडला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आवाज आला होता.

* * *

बिरूचं मूळ गाव आटपाडीच्या बाजूला. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. आता थोडी शेतीही आहे, पण त्याचे वडील, तात्या, दर वर्षी दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतात. पावसाळ्यात घरी असतात, तेव्हा गावातल्या ढोलाच्या मेळ्यात ढोल वाजवतात.

पूनमला तो ठेका अल्बममध्ये हवा होता. आम्ही गावात गेलो. देवळापुढं गोल धरून माणसं नाचत होती, मधे तात्या ढोल घेऊन. पूनम वही घेऊन बसली. मोजायला लागली. एकदा सात मोजले, एकदा अकरा, मग पुन्हा सात, मग भलतंच काहीतरी. वहीभर खाडाखोड झाली. पूनम तालाला पक्की आहे, तिला मी असं हरलेलं कधी बघितलं नव्हतं.

मेळा थांबल्यावर तिनं विचारलं, “तात्या, हे किती मात्रांचं आहे?”

“मोजलं न्हाई कवा.”

“मग थांबायचं कुठं, हे कसं कळतं?”

तात्यांनी पटक्यानं घाम पुसला. “नाचणारं दमलं की.”

पूनमनं वही मिटली. त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला तिनं आम्हा तिघांना गिटारी आणि माईक ठेवून समोर नाचायला लावलं. ते गाणं चार मिनिटांचं आहे, कारण मी चार मिनिटांत दमलो.

* * *

शेवटचं गाणं राहिलं होतं. अव्याच्या डोक्यात होतं की त्याची सुरुवात तात्या मेळ्यात म्हणायचे त्या धनगरी ओवीनं व्हावी आणि ओवी संपते तिथंच, त्याच श्वासाला बिरूचं ओरडणं सुरू व्हावं. दोन्ही सलग, उघड्यावर, एकाच टेकमध्ये. दिवाळी होऊन गेली होती. तात्यांचा कळप लोणंदच्या पुढं, कांदा काढलेल्या एका रानात खतासाठी बसवला होता. अव्याच्या कारखान्यापासून जवळच. त्याच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही दोन माईक आणि रेकॉर्डर घेऊन पोचलो.

वाटेत बिरू म्हणाला, “तात्यांचं घेऊया. माझं नंतर शेडमध्ये करू.”

अव्यानं कारण विचारलं. तेव्हा कळलं की आठ वर्षं बँड चालू असून तात्यांनी बिरूला ओरडताना कधी ऐकलंच नव्हतं. घरी तो एवढंच सांगायचा, ‘पोरांसंगं वाजवाय जातो.’

अव्या म्हणाला, “आज ऐकतील मग.”

तात्यांनी घोंगड्यावर बसून ओवी म्हटली. आधी देवांची नावं घेतली, मग गावाची, मग चालून आलेल्या वाटेवरच्या विहिरींची आणि झाडांची, एकेक. आवाज म्हातारा होता, पण कुठं हलला नाही. माझ्या कानाला हेडफोन होता, रेकॉर्डर चालू होता. ओवी संपली. अव्यानं बिरूला हात केला.

बिरूनं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. पुन्हा उघडलं. पुन्हा नाही. पूनमनं स्वतःच्या पोटावर हात ठेवून त्याला खूण केली. तिसऱ्या वेळी आवाज निघाला, पण अर्धाच, आणि त्यासरशी बसलेली सगळी मेंढरं एकदम उठून उभी राहिली. बिरू थांबला.

तात्या त्याच्याकडं बघत होते. “कुणावर वरडतोयस?”

“कुणावर न्हाई, तात्या.”

“न्हाई कसं? येवढं पोटातनं येतंय म्हंजे कुणावर तरी आसंल की.”

तात्यांनी घोंगड्याची एक सुटलेली दशी बोटाला गुंडाळली आणि सोडली.

“माझ्यावर आसंल तर सांग. तुला शाळंच्या वसतिगृहात सोडलं तवा तू फाटकाला धरून लय रडलास. मला ऐकू येत हुतं. मी मागं फिरलो न्हाई. मेंढरं म्होरं गेलीती.”

अव्यानं रेकॉर्डर बंद करायला हात पुढं केला. पूनमनं तो धरला.

बिरू म्हणाला, “थोडं हाय. थोडं तुमच्यावर बी हाय.”

तात्यांनी मान हलवली. काठी टेकून उठले, बिरूजवळ आले, दोन्ही खांद्यांना धरून त्यांनी त्याला उलटं फिरवलं, पलीकडच्या मोकळ्या माळाकडं.

“मग तिकडं तोंड करून वरड,” ते म्हणाले. “हिकडं मेंढरं गाभण हायती.”